एमिल रोथरची बैठक

नॉयबर्गला बर्फावरच्या हॉकीची धंदेवाईक लीग हवी, ही कल्पना मुळात कोणाची, यावर गावात दोन तट होते. बटणांच्या कारखान्याचे बोमर साहेब म्हणायचे माझी, आणि बिअरच्या भट्टीचा मालक म्हणायचा माझी. लीग बुडाल्यावर मात्र दोघेही छातीठोकपणे सांगू लागले की ती त्या दुसऱ्याची.

झालं होतं असं, की नॉयबर्गचा संघ हौशी म्हणवून घ्यायचा आणि सामना संपल्यावर खेळाडूंना आपापल्या बुटांत नोटा सापडायच्या. हौशी खेळाडूंच्या मंडळाला वास लागला आणि त्यांनी संघाला दार दाखवलं. मग गावातल्या थोरामोठ्यांनी ठरवलं, चोरून देतोय ते उघड देऊ. नदीकाठची चार गावं विजेच्या ट्रामने जोडलेली होती. चौघांनी मिळून लीग काढली, तिला भारदस्त नाव ठेवलं, आणि लोकांनी ते नाव बाजूला सारून तिला ट्राम लीग म्हणायला सुरुवात केली.

ओटावा-माँट्रियलकडून गडी आले. एकेक असा तयारीचा, की बघत राहावं, पण निष्ठेच्या नावाने आनंद. मंगळवारी नॉयबर्गकडून खेळलेला माणूस शुक्रवारी ग्लेनमोरच्या स्वेटरमध्ये उतरायचा, कारण मधल्या दिवसांत ट्रामने जाऊन तो तिथे बोलणी करून आलेला असायचा. टाळ्या कोणाला द्यायच्या आणि शिव्या कोणाला घालायच्या, हेच प्रेक्षकांना कळेना. एका म्हातारीने एका देखण्या खेळाडूसाठी गावच्या रंगाचे मोजे विणायला घेतले. दुसरा मोजा पुरा होईस्तोवर तो तीन गावं फिरून आला. म्हातारीने कपाळावर हात मारला आणि ते मोजे नवऱ्याला घातले.

लोक तिकिटं काढेनात, तेव्हा लीगने नियम केला की सात जणांत निदान एक तरी गडी गावात जन्मलेला हवा. नॉयबर्गने तो मान एमिल रोथरला दिला.

एमिल बोमर साहेबांच्या कारखान्यात बटणांना भोकं पाडायचा. वय चौतिशीचं, खांदे दाराएवढे, स्वभाव गाईसारखा. लहानपणापासून नदीच्या बर्फावर खेळलेला, त्यामुळे खेळ त्याला कळत होता उत्तम. फक्त जे कळायचं ते पायांपर्यंत पोचायला अंमळ वेळ लागायचा. त्याला बचावात उभं केलं होतं, आणि ग्लेनमोरचे लोक म्हणायचे, नॉयबर्गने बर्फावर कपाट ठेवलंय, जरा वळसा घालून जा.

आता हे तरी चाललं असतं. पण त्या काळी हॉकीत राखीव गडी नसायचा, आणि एकदा बसलेल्याची अदलाबदलही चालत नसे. एका बाजूचा माणूस जखमी होऊन बाहेर गेला की दुसऱ्या बाजूने आपणहून आपला एक माणूस खाली बसवायचा, म्हणजे सहाला सहा. हे कुठे लिहिलेलं होतं की नव्हतं कोण जाणे, पण जो संघ हे पाळणार नाही त्याला पुन्हा तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि खाली कोणाला बसवायचं हे ठरवायचा कर्णधार. नॉयबर्गचा कर्णधार होता लुसियाँ गार्नो, लीगमधला सगळ्यात महागडा गडी. समोरच्यांचा कोणी आडवा झाला की गार्नो नुसती भुवई उडवायचा. एमिल मुकाट्याने कठड्यावरून पाय टाकायचा आणि बाकावर बुड टेकायचा.

हॉकी ही अशी दांडगाई, की कोणी ना कोणी आडवं व्हायचंच. परिणामी तीन हिवाळ्यांत एमिलने एकही सामना शेवटपर्यंत खेळला नव्हता. बाकावर त्याच्या शेजारी तो जखमी पाहुणा येऊन बसायचा. एमिल त्याला अर्धं घोंगडं द्यायचा, बायकोने बांधून दिलेला सफरचंदाचा केक द्यायचा, घरची विचारपूस करायचा. चारही गावांतल्या फुटलेल्या डोक्यांशी आणि निखळलेल्या खांद्यांशी त्याची दोस्ती जमली होती. कारखान्यातल्या सोबत्यांनी त्याच्या वाढदिवसाला एक गुबगुबीत उशी शिवून दिली आणि तिला चारी बाजूंनी मोडकी बटणं लावली. एमिलने ती हसून घेतली, आणि बाकावर नेऊनही ठेवली. बाक होतंच थंड.

चिडवण्यात सगळ्यांच्या वरताण त्याची बायको ऑटिली. ही कॉलरच्या कारखान्यात शिलाई करायची आणि तिथली एकही बाई तिच्या तोंडी लागत नसे. ती सांगायची, माझ्या नवऱ्याचा खेळ बघायचा असेल तर अगदी पुढची जागा धरा, बसल्या बसल्या गप्पा मारता येतात. एमिल सामन्याहून घरी आला की ती त्याच्या स्वेटरला हात लावून बघायची आणि म्हणायची, कोरडा ठणठणीत, धुवायची गरज नाही, बाई गं, काय सुख आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात लीगची तब्येत ढासळली. दोन गावांनी गाशा गुंडाळला. उरले नॉयबर्ग आणि ग्लेनमोर, आणि उरला एक सामना, मार्चमधल्या शनिवारचा. जिंकेल त्याला भट्टीवाल्याने दिलेला चांदीचा कप. पुढच्या वर्षी लीग नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, फक्त बोमर साहेब भाषणात अजून "पुढल्या मोसमात" म्हणत होते.

 शुक्रवारी जेवताना एमिलने ताटातलं सॉसेज नुसतं इकडून तिकडे सरकवलं. ऑटिलीने विचारलं, उद्या बसून बसून थकशील म्हणून आत्तापासून विश्रांती चाललीय का. तो हसला नाही. मग ती काटा खाली ठेवून म्हणाली, "काय झालंय?"

एमिलला असल्या गोष्टी सांगता येत नसत. तरी त्याने सांगितलं. सामना संपल्याची घंटा होते, तेव्हा दोन्ही संघ मधोमध जमतात, घामाने निथळत, आणि एकमेकांच्या नावाने तीनदा हुर्रे म्हणतात. हरलेले आधी म्हणतात, मग जिंकलेले. तो तेव्हा बाकावर असतो, घोंगडं पांघरून. त्याच्यात आणि प्रेक्षकांत काही फरक नसतो.

"एकदा मला तिथे असायचंय," तो म्हणाला. "घंटा होईल तेव्हा बर्फावर. जिंकू नाहीतर हरू. उद्या नाही झालं तर मग कधीच नाही."

ऑटिलीच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, हे त्याला दिसलं. तिने ते गिळलं, त्याच्या ताटात आणखी एक सॉसेज वाढलं आणि म्हणाली, "मग खा. उभं राहायचं तर पोटात काही हवं."

शनिवारी हवा उबदार पडली होती. बर्फावर पाण्याचा पातळ थर आला होता आणि खेळायची चकती काठीने मारली की फवारा उडत होता. तरी स्केटिंगचा हॉल खच्चून भरला. ग्लेनमोरहून तीन ट्राम भरून माणसं आली, कारण शेवटचं भांडण कोणाला चुकवायचं नसतं.

ग्लेनमोरचा कर्णधार ड्यूगल्ड मॅक्रे. लालभडक मिशांचा, वाऱ्यासारखा पळणारा, आणि आश्चर्य म्हणजे तीनही हिवाळे एकाच गावाकडून खेळलेला. लोक त्याला त्यासाठी वेडा समजायचे. आदल्या वर्षी त्याची बरगडी दुखावली होती तेव्हा त्यानेही एमिलच्या घोंगड्यात अर्धा तास काढला होता आणि केकचे तीन तुकडे खाल्ले होते.

सामना अटीतटीचा झाला. एमिल त्या दिवशी जीव तोडून खेळला. दोनदा त्याने मॅक्रेला चक्क अडवलं, एकदा तर आडवं होऊन, आणि नॉयबर्गचे लोक एकमेकांकडे बघू लागले की हे कपाट आज चालायला कसं लागलं. मध्यंतर झालं, उत्तरार्ध सुरू झाला, चार-चार गोल झाले. अजून ग्लेनमोरचं कोणीही जखमी नव्हतं. एमिल मनातल्या मनात प्रत्येक ग्लेनमोरकराच्या हातापायांची काळजी घेत होता. 

आणि मग खेळ शेवटाकडे सरकत असताना कठड्यापाशी झोंबाझोंबी झाली, एक काठी वर उडाली, एक माणूस कोसळला आणि पंचाची शिट्टी वाजली. बर्फावर रक्त दिसलं. सगळे धावले. डॉक्टर आला, त्याने आता खेळणं नाही अशी मान हलवली, चार जणांनी त्या माणसाला उचलून नेलं.

एमिलने पाहिलं ते एवढंच, की माणूस पडलाय आणि शिट्टी झालीय.  आलीच ही वेळ, असं म्हणत तो वळला, कठड्यावरून पाय टाकला, बाकावर जाऊन बसला आणि घोंगडं ओढून घेतलं. डोळ्यांत पाणी येत होतं म्हणून त्याने मान खाली घातली.

पडला होता गार्नो. नॉयबर्गचाच गडी.

म्हणजे माणूस बसवायचा होता ग्लेनमोरने. एमिलने जागचं हलायचंसुद्धा कारण नव्हतं. पण तीन वर्षांची सवय, पायांनी डोक्याला विचारलंच नाही. आणि ज्याने त्याला थांबवायचं तो कर्णधारच शुद्धीवर नव्हता. बाकीचे पाच जण गार्नोभोवतीच्या घोळक्यात.

मॅक्रेने मान वर करून पाहिलं तर नॉयबर्गचे दोन गडी कमी. एक तर उचलून नेला, दुसरा बाकावर घोंगड्यात मान घालून बसलेला. त्याला वाटलं, त्या झोंबाझोंबीत यालाही लागलं. दोन गेले म्हणजे आपलेही दोन गेले पाहिजेत, इतका साधा हिशेब. गार्नोच्या बदल्यात त्याने आपला एक कच्चा गडी बसवला. दुसरा कोण बसवावा? त्याचा स्वतःचा गुडघा दुपारपासून ठणकत होता. नॉयबर्गचा गार्नो गेलाय, आता हे काय करणार, जरा टेकू या, असा विचार करून तो स्वतःच बाकावर आला. पंचाने पाचाला पाच अशी शिट्टी फुंकली आणि खेळ सुरू झाला.

"सरक जरा," मॅक्रे म्हणाला आणि उशीचा अर्धा भाग त्याने बळकावला. "कुठे लागलं तुला?"

एमिलने वर पाहिलं. मॅक्रेला बघितलं, बर्फावर आपले पाच जण बघितले, गार्नो कुठे दिसेना, आणि हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. 

"कुठेच नाही," तो म्हणाला.

"मग बाहेर का आलास?"

"सवय," एमिल म्हणाला.

मॅक्रेला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा तो असा हसला की कठड्याला धरून बसावं लागलं. तो हसत असतानाच नॉयबर्गने गोल मारला. मॅक्रे नसताना ग्लेनमोरचा बचाव म्हणजे उघडं फाटक होतं. पाच-चार. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी, आणि मॅक्रेचं हसू तिथल्या तिथे जिरलं.

त्याने पंचाला हाक मारली. हा माणूस जखमी नाही, याने परत यावं, म्हणजे मलाही येता येईल, असं त्याचं म्हणणं. पंच कठड्यापाशी आला, त्याने डोकं खाजवलं. असला प्रकार त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. शेवटी त्याने निवाडा दिला, की जखमी नसलेल्या माणसाला परत यायला आडकाठी नाही, पण बळजबरीही नाही. रोथर आला तर मॅक्रे येईल. रोथर बसला तर मॅक्रेही बसेल. काय ते रोथरने ठरवावं.

हे तोंडातोंडी हॉलभर पसरायला वेळ लागला नाही. ग्लेनमोरचा वाघ बाकावर बांधलेला, आणि दोरी एमिल रोथरच्या बुडाखाली. बोमर साहेब टोपी सावरत पायऱ्या उतरून आले.

"एमिल, हलायचं नाही," ते कानाशी म्हणाले. "घोटा मुरगळलाय असं सांग. आयुष्यात आज पहिल्यांदा तुझ्या बसण्याचा गावाला उपयोग होतोय. कप आपलाच आहे. सोमवारी कारखान्यात तुझं मी बघतो."

आणि मग सगळा गाव ओरडायला लागला. बस, बस, बस. ज्यांनी तीन वर्षं बसतोस म्हणून टिंगल केली, तेच आता पाय आपटून त्याला बसायची गळ घालत होते. उशी शिवणारे सोबती सगळ्यांत पुढे. एमिलला इतकी माणसं एकदम कधी आपल्या नावाने ओरडताना ऐकू आली नव्हती, आणि खोटं कशाला सांगा, त्याला ते गोड वाटलं. बसलं तर गावाचा लाडका. घंटा काय, आज वाजेल नि विरेल.

 मॅक्रेने एमिलच्या केकचा तुकडा हातात धरला होता, पण तोंडात घातला नव्हता.

एमिलने प्रेक्षकांत ऑटिलीला शोधलं. तिला शोधायला त्रास पडला नाही, कारण ती बाकावर चढून उभी होती आणि आजूबाजूच्या बाया तिचा परकर ओढून तिला खाली बसवू बघत होत्या. ती ओरडली नाही. त्या गोंगाटात ओरडून उपयोगही नव्हता. तिने फक्त तळहात वर करून दोनदा उचलला, जसं सकाळी त्याला अंथरुणातून उठवताना करायची.

एमिलने घोंगडं बाजूला केलं.

"माफ करा साहेब," तो म्हणाला, "पण मला बर्फावर जायचंय."

तो कठड्यावरून पलीकडे गेला आणि पाठोपाठ मॅक्रेने उडी घेतली. गावाच्या तोंडून जो आवाज निघाला त्याचं वर्णन न केलेलं बरं. चर्चला जाणाऱ्या माणसांनीही त्यात हात आखडता घेतला नाही.

पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेच झालं. मॅक्रेने आधी बरोबरी केली. मग अगदी शेवटी चकती घेऊन तो सरळ एमिलवर चालून आला. एमिल पाय रोवून उभा राहिला. मॅक्रे डावीकडे झुकला, एमिलही झुकला, मॅक्रे उजवीकडून गेला आणि एमिल अजून डावीकडेच होता. सहा-पाच. वेळ राखणाऱ्याने घंटेची दोरी ओढली.

एमिल बर्फाच्या मधोमध उभा होता. स्वेटर पिळून काढावा इतका भिजलेला, छाती भात्यासारखी चाललेली. घंटेचा आवाज छतापर्यंत गेला आणि तो घुमेनासा होईपर्यंत एमिल ऐकत राहिला.

मॅक्रे गुडघा चोळत त्याच्याजवळ आला. "वाईट वाटतंय ना?"

"गोल गेल्याचं वाटतंय," एमिल म्हणाला. "उठल्याचं नाही."

ग्लेनमोरचे गडी मधोमध जमले आणि वाट बघू लागले. आधी हरलेल्यांनी हुर्रे म्हणायचं. पण नॉयबर्गचे ओटावा-माँट्रियलवाले केव्हाच आत गेले होते. लीग संपली होती, कप गेला होता, स्टेशनवर गाडी धरायची होती. त्यांना नॉयबर्गशी काय देणंघेणं? बर्फावर गावाकडून उरला एकटा एमिल.

त्याने इकडे तिकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि फाटक्या आवाजात एकट्यानेच म्हटलं, "ग्लेनमोरसाठी, हिप हिप."

उत्तर द्यायला त्याच्या बाजूला कोणीच नव्हतं. हॉल निम्मा रिकामा झालेला, उरलेले टोप्या घालत होते. तेवढ्यात वरून एकट्या बाईमाणसाचा आवाज आला, "हुर्रे." दुसऱ्यांदा तिच्या जोडीला बर्फ झाडणारा म्हातारा आला. तिसऱ्यांदा आणखी दोघे-तिघे, नाइलाजाने का होईना.

मग ग्लेनमोरच्या गड्यांनी काठ्या वर केल्या. रिवाजाप्रमाणे आता त्यांनी नॉयबर्गच्या नावाने म्हणायचं होतं. समोर नॉयबर्ग म्हणून एकच माणूस उभा होता, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्याचा केक खाल्लेला होता. मॅक्रे मागे वळून आपल्या लोकांना काहीतरी म्हणाला. त्यांनी गावाचं नाव घेतलंच नाही. तीनही वेळा ते गरजले ते एमिल रोथरच्या नावाने, आणि गरजले असे की छतावरचं वितळतं बर्फ खाली टपकलं.

 एमिलने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

ऑटिली साध्या बुटांनीच बर्फावर आली होती, घसरत, दोन्ही हात पसरून. त्याच्यापाशी पोचल्यावर तिने आधी त्याचा दंड घट्ट धरला, मग दुसऱ्या हाताने त्याचा स्वेटर चिमटीत घेऊन पिळला. पाणी गळलं. 

"गाव तुला कच्चा खाणार आहे," ती म्हणाली. "उद्या चर्चमध्ये कोणाकोणाशी भांडायचं, ते मी येता येता ठरवून ठेवलंय."

"आणि बोमर साहेब?"

"त्यांचा नंबर पहिला," ऑटिली म्हणाली. "चल, मला धर. पडेन मी इथे."